खारात मुरलेला बांगडा

श्रीलंकेतली जाडी, म्हणजे खारात मुरलेला बांगडा, पहिल्यांदा पाहणाऱ्याला देखणी वाटण्याची शक्यता कमीच. तपकिरी, गढूळ मिठवणीत एकावर एक दाबून बसवलेले बांगडे, त्यांच्या पोटातून डोकावणारे काळे चामट तुकडे, वर एखादा घासून धुतलेला दगड. झाकण उघडलं की आधी खार नाकात जातो, मग ओलसर, फळासारखा आंबट वास येतो आणि त्याच्या मागून, बऱ्याच मागून, मासा. वासांचा हा क्रम लागला की बरणी जमली असं समजावं. मासा आधी आला तर झाकण परत लावावं आणि दुसऱ्या दुकानात जावं.

श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर मासळीची रेलचेल असते तेव्हा ती अशी भरून ठेवायची आणि समुद्र खवळला की काढून खायची, ही जुनी रीत. साहित्य तीनच: मासा, जाडं मीठ आणि गोरका नावाचं आंबट फळ. मिरची नाही, हळद नाही, लसूण नाही, तेलाचा थेंब नाही. दालचिनी-मिऱ्यांसाठी ज्या बेटावर परदेशी गलबतं धडकली, त्या बेटाने महिनोन्महिने टिकवायच्या माशात मसाला घातलाच नाही. मसाल्यामुळे पदार्थ टिकतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जाडी चाखताना, आणि त्याहून अधिक ती भरताना पाहिली की, त्या समजुतीकडे नव्याने बघावंसं वाटतं.

ही कला आपल्या किनाऱ्याला परकी नाही. मलबारात आणि दक्षिण कानड्यात बांगडे याच पद्धतीने पिंपांत भरून कोलंबोला रवाना होत. गिऱ्हाईक तिकडचं, म्हणून या पद्धतीला मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत नावच पडलं ‘कोलंबो क्युअर’. आणि गोरका म्हणजे कोण? आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ. दोघंही गार्सिनिया वंशातले. केरळात मीन करीत पडणारी कुडमपुळी आणि उत्तर कानड्यातला उप्पागे हीही त्याच घरातली मंडळी. आपण आमसूल कालवणात सोडतो, त्यांनी त्याचं भावंड माशाच्या पोटात घातलं.

सुरुवात सुरीपासून करावी. बांगड्याचे कल्ले आणि आतडी काढून टाकायची, एवढं तर कुठलीही मासळीवाली करते. जाडीसाठी भरणारा हात त्यापुढे जातो. पोटाच्या पोकळीत वर, कण्याला चिकटून, एक गडद लाल-काळा पट्टा असतो. ते माशाचं मूत्रपिंड. घाईत ते राहून जातं, कारण कालवणात त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र अंगठ्याच्या नखाने तो पट्टा शेपटाकडून डोक्याकडे खरवडून काढतात, पोट आतून मोत्यासारखं चकचकीत दिसेपर्यंत. मासा मात्र अख्खाच राहतो.

या खरवडण्याचं मोल कळायला इजिप्तकडे पाहावं लागतं. तिथे वसंतातल्या शम्म अल-नसीमच्या सणाला फसीख खातात: आतडी न काढता खारवलेला, मुरवलेला बोय. १९९१ च्या एप्रिलमध्ये कैरोत फसीख खाऊन ९१ जण बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेने रुग्णालयात गेले आणि त्यांतले १८ दगावले. मीठ होतं, पण न उघडलेल्या पोटात ते सावकाश शिरतं. आतड्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, आत हवा नसते, ऊब असते, आणि मीठ पोचेपर्यंत त्यांना हवा तेवढा अवधी मिळतो. फसीखही शतकानुशतकं चालत आलेला, जपून केला तर नामी पदार्थ आहे, त्याची निंदा करण्याचा हेतू नाही. पण दोन्ही पदार्थ शेजारी ठेवले की अंगठ्याचं ते नख केवढं काम करून जातं ते दिसतं.

मग मीठ. रूढ प्रमाण वजनाने तीनास एक: तीन किलो साफ केलेल्या माशाला एक किलो मीठ. हे प्रमाण मला कायम अडाणी वाटत आलं होतं, म्हणजे सढळ हाताने, अंदाजाने घातलेलं. एकदा कागदावर हिशेब मांडला तेव्हा गंमत कळली. बांगड्याच्या वजनात सत्तर ते पंचाहत्तर टक्के पाणी. तीन किलोत साधारण सव्वादोन लिटरांच्या आतबाहेर. पाण्यात मीठ विरघळतं ते शंभर ग्रॅमला छत्तीस ग्रॅमपर्यंत, त्यापुढे नाही. तेव्हा तेवढ्या पाण्याला तृप्त करायला पाऊण किलो ते आठशे ग्रॅम मीठ पुरतं. उरलेलं दोन-अडीचशे ग्रॅम विरघळतच नाही, खड्यांच्या रूपात तळाशी आणि थरांमध्ये पडून राहतं. ही उधळपट्टी नव्हे. मासा पुढचे कित्येक दिवस पाणी सोडत राहणार, आणि सोडलेल्या प्रत्येक थेंबाला तिथेच, शेजारीच मिठाचा खडा भेटणार. मिठवणी पातळ व्हायला जागाच उरत नाही. हातात तराजू नसताना ज्या बायकांनी टोपलीच्या मापाने हे प्रमाण ठरवलं, त्यांचा हिशेब रसायनशास्त्राच्या पुस्तकाला जाऊन भिडतो.

मीठ जाडंच हवं, यातही मर्म आहे. बारीक मीठ माशाच्या कातडीवर एकदम तुटून पडतं, वरचं पाणी झपाट्याने ओढतं, बाहेरचा थर आखडून घट्ट होतो आणि आतल्या मांसाची वाटच बंद होते. वरून खणखणीत खारा, काट्याजवळ कच्चा, असा मासा त्यातून निघतो. जाडे खडे संथपणे झिरपतात. संपृक्त मिठवणीत मिठाचं प्रमाण सव्वीस टक्क्यांच्या घरात जातं. बोट्युलिनमची माशांत सापडणारी, थंडीतही वाढणारी जात पाच टक्क्यांना हात टेकते, तिची चिवट बहीण दहा टक्क्यांना. म्हणजे मीठ काट्यापर्यंत पोचलं की प्रश्न मिटला. पोचेपर्यंतचा वेळ कोण सांभाळणार, हा खरा सवाल, आणि तिथे गोरक्याचा प्रवेश होतो.

पिकलेला गोरका दिसतो छोट्या, पिवळसर, खोल फाकांच्या भोपळ्यासारखा. फाका सुट्या करून उन्हात आणि चुलीच्या धुरावर वाळवल्या की त्या काळ्या, चामड्यासारख्या, किंचित तेलकट होतात. आमसुलाचा आंबटपणा जिभेच्या टोकाला लागतो, गोडसर, जांभळा. गोरक्याचा जिभेच्या कडांना लागतो, कोरडा आणि धुरकट, आणि बराच वेळ रेंगाळतो. त्यातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक. हे आम्ल उडून जात नाही. महिना झाला, दोन महिने झाले, बरणीतला आंबटपणा जागच्या जागी.

आता तो कुठे ठेवला आहे ते पाहा. मिठात मिसळून वरवर भुरभुरलेला नाही. फाका बांगड्याच्या पोटात, नुकत्याच खरवडलेल्या त्या पोकळीत बसवल्या आहेत. आतड्यांचे पाचक रस आणि जंतू यांचा जो काही अंश मागे राहिला असेल तो नेमका याच जागी. मीठ सगळ्यात उशिरा पोचतं तेही कण्यालगतच्या मांसात. जिथे धोका सर्वांत जास्त आणि मिठाची मदत सर्वांत दूर, तिथे आंबट उभं केलं आहे. मीठ बाहेरून आत येतं, आम्ल आतून बाहेर जातं, आणि दोघांची गाठ मांसाच्या मध्यावर पडते. कुठल्याही अभियंत्याने ही आखणी आपली म्हणून मिरवली असती.

गोरकाच का? चिंच चालली नसती का, किंवा शिरका? चिंचेचा गर विरघळून मिठवणीचा चिखल करतो आणि त्यात साखरही भरपूर. शिरका जंतूंच्या बाबतीत गोरक्यापेक्षा खरं तर जास्त कडक, पण शिरक्यात पंच्याण्णव टक्के पाणीच असतं. ताज्या माशावर ओतला तर मिठवणी फिकी पडणार. वाळलेली फाक स्वतःचं पाणी आणत नाही, उलट थोडं शोषून घेते. गोव्यातल्या ‘पारा’ची आठवण इथे येते. तिथे माडाच्या शिरक्यात, मिरची-जिऱ्याच्या वाटणात मासा मुरवतात, पण तो मासा आधीच खारवून खडखडीत वाळवलेला असतो. ओल्या माशाला कोरडं आंबट, सुक्या माशाला ओलं आंबट. दोन किनाऱ्यांनी एकमेकांना न विचारता पाण्याचा ताळेबंद सारखाच जुळवला आहे.

थर भरून झाले की वर दडपण. आपल्या लोणच्याच्या बरणीला हे ठाऊक आहे, फोडी खाराच्या वर डोकावल्या की बुरा येतो. जाडीत दगडाची कामगिरी त्याहून मोठी. बांगडा तेलकट मासा. उन्हात वाळवला तर त्यातलं तेल हवेशी झोंबून खवट होतं, सुक्या बांगड्याच्या पोटाच्या कडा पिवळसर पडतात त्या यामुळेच. मिठवणीत बुडालेल्या बांगड्याला हवा भेटतच नाही. मिठागरातल्या मिठाबरोबर आलेले खारप्रेमी सूक्ष्मजीव खारवलेल्या माशावर गुलाबी-लाल साय धरतात, त्यांनाही प्राणवायू लागतो, तेव्हा तेही मिठवणीखाली निपचित. शिवाय या सगळ्याला ऊन लागत नाही. ज्या महिन्यांत आभाळ फाटलेलं असतं आणि काथ्याच्या चटईवर मासा पसरणं अशक्य, त्या महिन्यांतही पिंप भरता येतं. श्रीलंकेतल्या नेगोंबोच्या पुळणीवर उन्हात पसरलेली मासळी छायाचित्रांत झकास दिसते. पावसाळी दिवसांत भरलेल्या पिंपाचं छायाचित्र कोणी काढत नाही.

दोन ते चार महिने मुरू द्यायचं. या काळात आत काय चालतं, त्याला आंबवणं म्हणावं का, यावर काटेकोर जीवशास्त्रज्ञ कुरकुर करील. दह्यासारखं जिवाणूंनी तयार केलेलं आम्ल इथे फारसं नाही. आंबट आलं ते फळातून, आणि एवढ्या मिठात फार थोडे सूक्ष्मजीव तग धरतात. काम करतात ती माशाची स्वतःची विकरं. ती मांसातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतात, त्यांतून अमिनो आम्लं सुटतात, आणि त्यांतलंच ग्लुटामेट जिभेवर तो गोल, मांसल, भरलेला स्वाद आणतं. व्हिएतनामचं न्योक माम, प्राचीन रोमचं गारुम, यांतही हेच घडतं. पण तिथे आतडी मुद्दाम आत ठेवतात, पचवणारी विकरं तिथेच सर्वाधिक, म्हणून मासा वर्षभरात अक्षरशः विरघळून रस होतो. जाडीत आतडी गेलेली, आम्लाने मांस आवळलेलं, तेव्हा तोडफोड होते पण इमारत उभी राहते. चांगल्या जाडीतला बांगडा हातात धरला की ताठ असतो. बोटाने दाबला तर खळगा पडत नाही. पण पाठीवरून अंगठा फिरवला की मांसाच्या पाकळ्या काट्यावरून अलगद, अख्ख्या सुटतात. सुरीची एक कृती, आतडी ठेवायची की काढायची, एवढ्यावर एका देशात चटणीसारखं वापरायचं पाणी तयार होतं आणि दुसऱ्यात ताटात वाढायचा मासा.

आता मसाल्याचं. १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन यांनी छत्तीस देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक मांसाहारी पाककृती चाळून मांडलं की उष्ण देशांत मसाले जास्त वापरतात, कारण ते जंतू मारतात. सिद्धान्त इतका देखणा की तो जगभर पसरला, आपल्याकडच्या रविवारच्या पुरवण्यांनीही तो आनंदाने उचलला. २०२१ मध्ये लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांनी सत्तर पाकपरंपरांतल्या तेहेतीस हजारांवर पाककृती तपासल्या आणि सांगितलं की उष्णतेशी थेट नातं लावणारा पुरावा टिकत नाही. मला या दुसऱ्या निष्कर्षाने दुःख झालं नाही. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, मोहरीचा झणका, लसणीतलं अॅलिसिन ही प्रयोगशाळेच्या बशीत जंतूंना हतबल करतात, हे खरं. पण त्यासाठी लागणारी मात्रा ताटात आली तर जेवणारा उठून जाईल. मिरी आणि आलं तर या कामात मुळातच नरम. शिवाय मसाला स्वतः सोवळा नसतो: उन्हात, जमिनीवर वाळलेल्या मिऱ्यांबरोबर बीजाणू येतात, आणि ते शिजवूनही सगळे मरत नाहीत. लसणीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी व्हँकूव्हरची १९८५ ची घटना ध्यानात ठेवावी. तेलात बुडवलेल्या, बाटलीबंद बारीक लसणीमुळे छत्तीस जणांना बोट्युलिझम झाला. तेलाने हवा अडवली, आंबट काहीच नव्हतं, आणि ज्या लसणीला आपण जंतुनाशक म्हणतो तिच्याच बरोबर बीजाणू आत आले होते.

म्हणून मसाला निरुपयोगी, असं कोणी समजू नये. थायलंडच्या सोम-फाकमध्ये लसणीचा वापर पाहिला की थक्क व्हायला होतं. माशाचा खिमा, थोडं मीठ, शिजलेला भात आणि भरपूर लसूण, केळीच्या पानात बांधून काही दिवस ठेवतात. मीठ इतकं कमी की त्याच्या एकट्याच्या जिवावर मासा टिकणार नाही. तो टिकतो लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि त्या जिवाणूंना वाढायला साखर हवी. भातातला स्टार्च त्यांतल्या बऱ्याच जणांना पचत नाही. संशोधकांना आढळलं की त्यांना खाऊ पुरवते ती लसूण. तिच्यातले फ्रुक्टॅन हे जिवाणू फस्त करतात आणि भराभर आम्ल करतात. म्हणजे ज्या लसणीकडे आपण जंतू मारणारी म्हणून पाहतो, ती इथे कामाचे जंतू पोसण्यासाठी आहे. परंपरेला फ्रुक्टॅन माहीत असणं शक्य नव्हतं. लसूण कमी पडली की पुडा बिघडतो, एवढं मात्र चांगलं माहीत असणार.

जाडीत असल्या मदतनिसाची गरज नाही, कारण आम्ल आयतं, फळातून आलेलं आहे. तिथे मसाला येतो तो बरणी सोडून मासा तव्यावर गेल्यावर. आणि श्रीलंकेच्याच स्वयंपाकघरात याचा जोडपदार्थ आहे, अंबुलतियल, त्यात मसाला आणि गोरका एकत्र बसतात. कुप्याचे चौकोनी तुकडे, गोरक्याचं वाटण, मिरी, मीठ, कढीलिंब, रांपेचं पान; मातीच्या भांड्यात, पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद आचेवर. तुकड्यांना काळा, घट्ट लेप बसतो. हा पदार्थ शीतकपाटाविना काही दिवस राहतो, त्याचं श्रेय लोक मिरीला देतात. माझ्या मते ते गोरक्याचं आहे, आणि आटवण्याचं. मिरीची जागा गवयामागच्या तंबोऱ्याची: ती नसती तर मैफल झाली असती, पण सूर उघडा पडला असता. गोरक्याचा कोरडा आंबटपणा घशाशी अडतो, मिरीची ऊब त्याला खाली उतरवते. टिकण्यासाठी आंबट, पचनी पडण्यासाठी तिखट, अशी ही वाटणी.

जाडीचं एवढं कौतुक केल्यावर तिची उणी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे रसग्रहण स्तुतिपाठ ठरेल. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. मासा मेल्यावर उन्हात पडून राहिला तर मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू काही तासांत त्याचं हिस्टामिन करतात. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज, छातीत धडधड. लोक त्याला मासा बाधला म्हणून सोडून देतात. हिस्टामिनला भरवशाचा वास नाही, रंग नाही. मीठ, गोरका, उकळी, बर्फ यांपैकी काहीच एकदा तयार झालेलं हिस्टामिन घालवू शकत नाही. मीठ आणि आम्ल पुढची वाढ रोखतात, आणि काही चिवट, मीठ सोसणारे जिवाणू तर मिठवणीतही हळूहळू हाच उद्योग चालू ठेवतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेने अशा माशांसाठी किलोला दोनशे मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, माशाच्या सॉससाठी चारशेची. तेव्हा बरणीची सगळी करामत होडी किनाऱ्याला लागल्यापासून सुरी चालेपर्यंतच्या अवधीवर अवलंबून. जुन्या पद्धतीत मासा रापणीतून थेट पिंपाशी येई. आज तो टेम्पोतून फिरून, भाव पडल्यावर, उरलासुरला म्हणून खारात जातो तेव्हा पाककृती तीच राहते आणि पदार्थ बदलतो. जाडी ही उरलेल्या माशाची सोय नव्हे. ती सर्वांत ताज्या माशाची मागणी करते.

भांडंही असंच परस्पर बदलता येत नाही. अलास्कातले मूळ रहिवासी सामन माशाची डोकी गवताने मढवलेल्या खड्ड्यात, थंड जमिनीत आंबवत. पुढे प्लास्टिकच्या बादल्या आणि घट्ट झाकणांच्या बरण्या आल्या, त्या घरात, उबेला ठेवल्या जाऊ लागल्या, आणि बोट्युलिझमचे रुग्ण वाढले. गवत आणि गारवा ही केवळ सवय नव्हती. उलट मणिपूरच्या ङारीत मडकं हवाबंदच करतात: पुंटी जातीचे चिमुकले मासे उन्हात वाळवून, झटकन धुऊन, निथळून, मोहरीचं तेल चोळलेल्या मडक्यात ठेचून भरतात आणि तोंड लिंपून चार-सहा महिने विसरतात. मीठ अजिबात नाही. तिथे पहिली राखण केली उन्हाने, माशातलं पाणी आधीच काढून घेऊन. प्रत्येक पद्धतीत एक गोष्ट ढिली सोडलेली असते आणि दुसरी घट्ट आवळलेली. एकीची ढिलाई आणि दुसरीचीही ढिलाई एकत्र केली की अपघात होतो.

परत जाडीकडे. खरेदी करताना तीन जागा बघाव्यात. पोटाच्या कडा: फाटलेल्या, लोंबणाऱ्या असतील तर मासा भरण्याआधीच शिळा होता, कारण मरणानंतर सर्वांत आधी पोट सैल पडतं. कण्याजवळचं मांस: एका माशाला चीर देऊन पाहू द्यायला दुकानदार नाखूष नसावा, तिथे लाल ओलसर रेघ नको, रंग आतबाहेर सारखा हवा. आणि गोरक्याची फाक: ती माशाच्या पोटात आहे की मिठवणीवर शोभेला तरंगते आहे. तिसरी परीक्षा दुकानदाराला सहसा अपेक्षित नसते.

तव्यावर फार काही करायचं नाही. वरचं मीठ धुऊन, हवं तर अर्धा तास पाण्यात ठेवून, तुकडे करून थोड्या खोबरेलात परतायचे. मासा कडेने लाल झाला की उभा चिरलेला भरपूर कांदा, कढीलिंब, चिरलेली हिरवी मिरची. कांदा अर्धवट शिजला की उतरवायचा, पूर्ण मऊ होऊ द्यायचा नाही, कारण त्याच्या गोडव्याबरोबर त्याचा करकरीतपणाही हवा असतो. मांस तर आधीच मऊ आहे. रक्तदाबवाल्यांनी दोन घासांवर थांबावं, आणि खरं तर कोणालाच चौथा घास लागत नाही. गरम भाताच्या डोंगरात एक तुकडा कुस्करला तरी अख्खा भात रंगतो. सोबत साधी डाळ, नाहीतर उकडलेला टॅपिओका. गोरक्याची फाक तव्यावरून काढून टाकायची पद्धत आहे. मी ती काढत नाही. कांद्याबरोबर परतली की तिच्या कडा कुरकुरीत होतात, आत मात्र माशाचा मुरलेला खार भरलेला असतो, आणि एवढा वेळ माशाला सांभाळणारं ते फळ स्वतः किती चविष्ट झालं आहे ते तेव्हाच कळतं.